खत्ताती करता का?

मालेगावात आमचे ड्रॉइंगचे एक सर आहेत. उर्दू माध्यमाच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना आमच्यातली कितीतरी मुलं बसली ती त्यांच्यामुळे. शाळा सुटली की सर पॉवरलूमच्या कारखान्यात जाऊन बसत आणि समोरचं कागदावर उतरवत. रात्रपाळी संपवून लूमच्या शेजारीच झोपलेला कामगार, कांडी भरणाऱ्या बायका, पिवळ्या बल्बखाली हवेत उडणारा कापूस. निवृत्त झाले तेव्हा घरात पत्र्याच्या पेट्यांमध्ये चारशेवर जलरंग होते. त्यातलं एकही त्यांनी विकलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला. "भाईजान, पावसात दोन पेट्या भिजल्या. अब्बांच्या चित्रांचं काहीतरी करा." मी पुण्यात नोकरी करतो, चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. पण हिशेब आणि पत्रव्यवहार जमतो, आणि गरज नेमकी त्याचीच होती.

पहिल्या तीन गॅलऱ्यांचे अनुभव सारखेच होते. चित्रं पाहून झाली की सरांचं नाव विचारायचे आणि मग प्रश्न यायचा, "खत्ताती करता का? रमजानच्या आधी चांगली जाते." एका ठिकाणी तर लूमची चित्रं बाजूला ठेवून "तुमच्या समाजाचं काही" आणायला सांगितलं. जणू मालेगावचा लूमवाला दुसऱ्याच कुठल्या समाजाचा!

गंमत अशी की मोहल्ल्यातले काही बुजुर्गही सरांना हेच सांगत आले आहेत. जानदारांची तस्वीर कशाला काढता, आयती लिहा, सवाबही मिळेल. एकाला दुकान चालवायचं, दुसऱ्याला आखिरतची काळजी. दोघांनी मिळून सरांना एकाच खोलीत बसवायचं ठरवलेलं. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "बेटा, आयत मी लिहितोच, फजरनंतर. ती माझी आणि अल्लाहची गोष्ट. लूम मात्र सगळ्यांना दाखवायचा आहे."

मग आम्ही कामाला लागलो. दिवसाच्या उजेडात, सावली पडू न देता, एकेका चित्राचा फोटो काढला. वहीत नंबर, आकार, माध्यम, साल. चारशेतून अठरा निवडली, सगळी लूमचीच. नदी, मशीद, आंब्याचं झाड बाजूला ठेवलं, कारण बघणाऱ्याला हा माणूस कशाचा चित्रकार आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे. सरांविषयी एक पान लिहिलं, त्यात विशेषणं नाहीत. आणि मेल पाठवण्याआधी प्रत्येक गॅलरीची मागची प्रदर्शनं पाहिली. जिथे फक्त अमूर्त चित्रं लागतात तिथे लूम पाठवून काय उपयोग?

किमतीवर मात्र वाद झाला. सर म्हणत, कागद-रंगाचे तीनशे, फ्रेमचे सातशे, हजार पुरे. गॅलरी साधारण तीस ते पन्नास टक्के कमिशन घेते. हजारातले पाचशे गेले तर फ्रेमचेही सुटत नाहीत. शेवटी आकाराप्रमाणे दर ठरवला. 15 बाय 22 इंचाच्या चित्राला अठरा हजार, गॅलरीत तेच आणि घरीही तेच. घरी येणाऱ्याला स्वस्त दिलं तर गॅलरी दुसऱ्यांदा दारात उभं करत नाही.

आपल्याकडे एक समज आहे की खरा कलावंत आपोआप पुढे येतो, नशिबात असेल तर. पंढरपूरला जन्मलेल्या आणि सिनेमाची होर्डिंग्ज रंगवणाऱ्या हुसेन यांचं 1954 सालचं 'ग्राम यात्रा' मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 37 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेलं, तेव्हाही हेच ऐकलं. पण त्या पिढीच्या मागे माणसं उभी होती. के. एच. आरा मुंबईत मोटारी धूत, घरकाम करत. समीक्षक रूडी फॉन लायडन यांनी त्यांना हेरलं आणि 1942 मध्ये चेतना रेस्टॉरंटमध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. केकू गांधी मूळचे फ्रेमच्या धंद्यातले. आरा, हुसेन यांची चित्रं ते आपल्या शोरूममध्ये लावत. 1963 मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या गल्लीत असा फ्रेमवाला कोण?

अखेर पुण्यातल्या एका छोट्या गॅलरीने समूह प्रदर्शनात सरांची सहा चित्रं घेतली. खत्तातीचा विषय निघाला नाही. सही करण्याआधी कागद तीनदा वाचला. किती महिन्यांसाठी चित्रं ठेवणार, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे देणार, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, भिजलं-फाटलं तर भरपाई कोण देणार, हे सगळं लिहून घेतलं. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट, लेखी दिला नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 53अ तर सांगतं की मूळ चित्र पुढे 10,000 रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा आहे, जास्तीत जास्त 10 टक्के. प्रत्यक्षात तो क्वचितच कुणाच्या हाती पडतो. तरीही विकत घेणाऱ्याचं नाव असलेली बिलं सरांच्या मुलीने फाइलला लावली आहेत.

दोन चित्रं विकली गेली. गॅलरीने आणखी वर्षभराचा करार केला. आलेल्या पैशांतून सरांनी स्टीलचं कपाट घेतलं, उरलेल्या चित्रांसाठी.

तुमच्या मोहल्ल्यातही असे कुणी सर, कुणी पेंटरचाचा, मेहंदीच्या पलीकडचं काही काढणारी कुणी आपा असेल. तारीफ त्यांनी आयुष्यभर ऐकलेली असते. एखाद्या इतवारी मोबाइल आणि वही घेऊन त्यांच्याकडे जा, आणि नंबर एकपासून सुरुवात करा. सरांकडे आमचा आकडा दोनशे सहापर्यंत पोचला आहे.