कुंपणाच्या आतले

‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण दक्षिण सुदानबद्दल वाचताना सारखी मनात येते आणि दर वेळी कुठेतरी अपुरी पडते. 15 डिसेंबर 2013 च्या रात्री जुबात जे सुरू झालं, तिथपर्यंत ती चपखल बसते. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर दिंका जमातीचे, त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार नुएर जमातीचे. भांडण सत्तेचं होतं. पण सरकारी शिपाई घरोघर हिंडून नुएर माणसांना मारू लागले. देश जन्मून जेमतेम अडीच वर्षं झाली होती.

जुबातले नुएर पळाले ते संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे. तिथल्या शांतिमोहिमेच्या प्रमुख हिल्डे जॉन्सन यांच्या काळात त्या तळांची फाटकं उघडली गेली. चार दिवसांचा आसरा म्हणून सुरू झालेल्या छावण्या वर्षानुवर्षं राहिल्या आणि देशभरातल्या तळांवरच्या माणसांची संख्या दोन लाखांवर गेली. 2014 च्या पावसाळ्यात बेंतियूच्या छावणीत गुडघाभर पाणी होतं. मुलं बुडू नयेत म्हणून आईबाप त्यांना हातांवर धरून रात्र उभ्यानं काढत. तरी छावणी सोडून फारसं कुणी गेलं नाही. बाहेर काय असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

तळांभोवतीचं हे दुसरं कुंपण शेत खाणारं नव्हतं. ते नुसतं उभं होतं. नुसत्या उभ्या असलेल्या कुंपणाबद्दल आपली म्हण काही बोलत नाही.

म्हणीतलं कुंपण तारेचं नसणार. ती रुजली तेव्हा शेताला निवडुंग असेल, शेर असेल. अशी जिवंत कुंपणं मुळं आत धाडतात, सावली धरतात आणि दरसाल वीतभर शेत गिळतात. त्यात वैर नसतं, ती नुसती वाढत असतात. कोयता घेऊन छाटणारं कुणी उरलं नाही की कुंपणाचं रान होतं. मग म्हणीतला दोष कुंपणाचा की छाटणाऱ्याचा? इथवर आलो की मला माझीच भीती वाटते. जुबातले शिपाई काही आपोआप वाढलेली झुडपं नव्हती. माणूस कुठल्या जमातीचा, हे विचारून ते गोळी घालत होते. त्यांना निवडुंगाची मोकळीक द्यायची नाही.

कोकणातली वई मात्र निराळी. मेलेल्या काट्याकुट्यांची, काठ्यांना बांधलेली. ती शेत खात नाही, कारण ती वाढतच नाही. ती फक्त कुजते. तिचं रक्षण कुणाच्या तरी रोजच्या फेरीवर चालतं. वईला खिंडार पडलं की ते मालकाच्या आधी गुरांना कळतं.

मलकालला तसंच झालं. तिथल्या छावणीत शिल्लुक, नुएर आणि दिंका एकत्र राहत होते. फेब्रुवारी 2016 मध्ये आत मारामारी पेटली आणि कुंपणाच्या खिंडारातून सरकारी गणवेशातले बंदूकधारी आत आले. शिल्लुक आणि नुएर वस्त्या जळाल्या, किमान 25 माणसं मेली. पहाऱ्यावरच्या काहींनी जागा सोडल्या, काहींनी बळ वापरायला लेखी परवानगी मागितली, असं नंतरच्या चौकशांतून पुढे आलं. घरं पेटलेली असताना कागद.

त्या तळावर इथिओपिया आणि रवांडाबरोबर भारताचेही सैनिक होते. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, 19 डिसेंबर 2013 ला, अकोबोच्या लहानशा तळावर दोन हजारांच्या आसपास सशस्त्र तरुण चालून आले. तिथल्या चाळीसएक भारतीय सैनिकांपैकी दोघे मारले गेले. आत आसऱ्याला आलेले दिंकाही मेले. पुढच्या एप्रिलमध्ये बोरच्या तळावर निवेदन द्यायचं म्हणून आलेला जमाव आत घुसला आणि चाळीसहून अधिक निर्वासित मारले गेले. अकोबोचा अभिमान आपला म्हणायचा, तर मलकालचा प्रश्नही आपल्याच दारात येतो. एकाच देशाची फौज एकीकडे जीव देते आणि दुसरीकडे ती ज्या तळावर असते तिथे माणसं मरतात. हे दोन्ही मी शेजारी मांडून पाहिलं, पण एकाचा दुसऱ्याला उलगडा होत नाही.

2020 च्या सप्टेंबरपासून बहुतेक छावण्यांची जबाबदारी टप्प्याटप्प्यानं सरकारकडे गेली. म्हणजे पहिल्या कुंपणाकडे. तोवर आत जन्मलेली पोरं शाळेत जाण्याएवढी झाली होती. माणसांना कायमचं तारेत ठेवता येत नाही, हे मलाही पटतं. तरी कुणाच्या ओटीत त्यांना टाकलं, याचा विचार सुटत नाही.

आणि सरपण. तारेच्या आत शिजवायला लाकूड नव्हतं. पुरुष बाहेर गेले तर मारले जातील आणि बायकांवर बलात्कार होतील, पण त्या परत येण्याची शक्यता आहे, असा हिशेब कुटुंबं करत आणि बायका जात. सैनिकांच्या गस्ती त्यांच्यासोबत सुरू झाल्या, पण सगळ्या वाटांवर आणि सगळ्या दिवशी नाही. फाटकं उघडली म्हणून दोन लाख वाचले, असं मी कुणाशीही बोलताना ठामपणे म्हणत आलो आहे. मोळी घेऊन परतलेल्या त्या बाईला त्या दोन लाखांत धरायचं का? धरलं नाही तर फाटक उघडणाऱ्यांवर अन्याय होतो, आणि धरलं तर तिच्यावर.