शहरियार

हे नाव मला पहिल्यांदा भेटलं अरबी सुरस कथांत. रोज नवी राणी करून सकाळी तिचा जीव घेणारा बादशहा! नुसत्या नावाचीही तेव्हा धास्ती वाटायची.

पुढे ते थेट पुण्यात सापडलं. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांचे वडील शेरियार इराणी. यझ्दच्या बाजूचे हे झरथुष्ट्री गृहस्थ ईश्वराच्या शोधात वर्षानुवर्षं फकिरासारखे हिंडले, अखेर पुण्यात संसाराला लागले, आणि 1894 साली त्यांच्या घरी मेरवान, म्हणजे पुढचे मेहेरबाबा, जन्मला. गाठीला काही नसलेल्या माणसाचं नाव बादशहाचं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग बुद्धिबळाच्या बातम्यांत शहरियार मामेद्यारोव्ह आला. कास्पियन समुद्राकाठच्या सुमगाइतचा हा खेळाडू 2003 आणि 2005 असा दोनदा कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. अझरबैजानी लोक ‘शॅह्रियार’च्या जवळ जाणारा उच्चार करतात. त्यांची भाषा तुर्की कुळातली, पण फारसी काव्य आणि दरबार यांच्या शेकडो वर्षांच्या सहवासातून अशी कितीतरी इराणी नावं त्यांच्या घरात रुजली.

‘शहराचा यार’ असा अर्थ ऐकायला गोड लागतो, पण मूळ त्याहून जुनं आहे. प्राचीन इराणी भाषेत ‘क्षथ्र’ म्हणजे राज्य. ते धारण करणारा तो शहरियार. आपलं ‘क्षत्र’ आणि ‘धृ’ धातू याच गोतातले. ‘शहर’ या शब्दात आधी अख्खं राज्य मावत होतं, नगरापुरता तो नंतर आकसला. शेवटचा सासानी सम्राट तिसरा यझ्दगर्द याच्या वडिलांचं नावही शहरियारच. हा यझ्दगर्द 632 साली गादीवर आला, आणि पारशी वर्षगणना आजही तिथूनच चालते.

पण या नावाला खरा जागला तो इराणमधल्या तब्रिझचा कवी, असं मला मनापासून वाटतं. मोहम्मद हुसेन बेहजत (1906–1988) याने ‘शहरियार’ हे टोपणनाव घेतलं, तेही हाफिजच्या काव्यसंग्रहातून कौल लावून, असं सांगतात. फारसी गझलांनी त्याला कीर्ती दिली. आईला मात्र त्या कळत नव्हत्या. तिची बोली अझरबैजानी. पहलवी राजवटीत त्या भाषेला शाळेत जागा नव्हती, छापण्यावरही बंधनं होती. अशा काळात त्याने ‘हैदरबाबाला सलाम’ हे दीर्घकाव्य तिच्या बोलीत लिहिलं. हैदरबाबा हा त्याच्या बालपणीच्या गावाजवळचा डोंगर. ओढे, लग्नघरं, म्हाताऱ्याकोताऱ्या, सणावारचे खेळ असं सगळं गाव त्याने त्या डोंगराशी बोलत बोलत सांभाळून ठेवलं. रशिया आणि इराण यांच्यातल्या 1828 च्या तहाने अरस नदीच्या दोन तीरांवर दोन देशांत वाटली गेलेली माणसं ते काव्य मुखोद्गत म्हणू लागली. उत्तरेला सोव्हिएत सत्ता, दक्षिणेला शहा. राज्य धारण करणारे ते. पण त्या माणसांचा मुलूख या कवीने धरून ठेवला होता, आणि त्यासाठी त्याला ना फौज लागली ना गादी.