भेडाघाटचे गहिरे पाणी
वाचकहो, जबलपूरला गेलात तर भेडाघाटी संगमरवरी कड्यांमधून नावेने अवश्य फिरून यावे. धुवांधार प्रपातात गर्जणारी नर्मदा येथे संथ व गहिरी होते. तळ पाहण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण तेथवर जायचे तर श्वास पाठीवर वाहून न्यावा लागतो. पाणबुड्याच्या पोलादी नळकांड्यात वातावरणाच्या २०० पटींहून अधिक दाबाने हवा भरतात. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्के, तर समृद्ध मिश्रणात बहुधा ३२ टक्के असतो. अंगात मुरणारा नत्रवायू घटल्याने पाण्याखाली अधिक वेळ राहता येते. अधिक खोल मात्र जाता येत नाही! सुमारे ३३ मीटरांखाली हाच प्राणवायू विषासमान होऊन झटके आणू शकतो. म्हणून जाणता पाणबुड्या मिश्रण स्वतः मोजल्यावाचून पाण्यात उतरत नाही. आपण नर्मदेला नावेतूनच वंदन करावे.