रांजणवाडी

आईच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर २०२१च्या पावसाळ्यात एक गाठ आली. दुखत नव्हती. 'रांजणवाडी आहे,' असे आम्ही म्हटले आणि विषय संपला. लवंग उगाळून लावून झाली, गरम कापडाचा शेक झाला. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा चीर देऊन ती काढली. दोन्ही वेळा ती त्याच जागी परतली. काढलेला भाग तपासणीला गेला नाही, आणि तो पाठवा असे म्हणण्याचे आम्हालाही सुचले नाही. नाव इतके ओळखीचे होते की त्यापलीकडे कुणी पाहिलेच नाही.

दीड वर्षाने पुण्यातल्या नेत्रशल्यविशारदांनी पहिलाच प्रश्न विचारला : 'पापण्या कधीपासून गळताहेत?' मला क्षणभर अर्थ लागेना. मराठीत डोळ्याचे झाकण तीही पापणी आणि त्याच्या कडेचे केस तेही पापण्याच. पाहिले तर गाठीपाशी तेवढीच कड उघडी पडली होती. संहितेतल्या रिकाम्या जागा वाचा, असे वर्गात बजावणारा मी दीड वर्ष आईसमोर बसून जेवत होतो.

तैलग्रंथींचा कर्करोग निघाला. पाश्चात्त्य देशांत पापणीचा कर्करोग बहुधा 'बेसल सेल' जातीचा असतो. सावकाश वाढणारा, क्वचितच दूर पसरणारा. आपल्याकडे हा दुसरा प्रकार त्या मानाने बराच आढळतो. तो कानापुढच्या, मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचू शकतो आणि रांजणवाडीचे सोंग उत्तम वठवतो. उतारवयात त्याच जागी पुन्हा उगवणारी गाठ तपासणीला पाठवायची असते, एवढी साधी गोष्ट!

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीचा निरोगी दिसणारा भागही काढला. कडा तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वरची पापणी जवळजवळ उरली नाही. मग कटलर आणि बिअर्ड यांनी १९५५मध्ये मांडलेल्या पद्धतीने, खालच्या पापणीची कड शाबूत ठेवून तिच्याखालून मांसत्वचेचा पदर वर ओढून शिवला. त्याला रक्त खालूनच मिळणार, म्हणून डोळा सात आठवडे बंद. डोळ्याची उघडझाप म्हणजे निमिष. कालगणनेतले ते चिमुकले माप आईच्या बाबतीत सात आठवडे लांबले. ती एका डोळ्याने वर्तमानपत्र वाची आणि म्हणे, 'खालचीकडून उसनं घेतलंय. परत कधी करायचं ते विचारलंस का?'

पदर कापून डोळा उघडला तेव्हा तिने आधी खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे. नव्या पापणीला केस नाहीत. दर तपासणीला डॉक्टर कानापुढे, जबड्याखाली बोटांनी चाचपतात. तेवढा वेळ मी श्वास घेत नाही.

घरी गेलो की मी आता तिच्या डाव्या डोळ्याकडे रोखून पाहतो. 'मोजतोस काय रे?' ती विचारते. मोजतोच.