वाकळीच्या पोटात

चंद्रपूरच्या गोल बाजारात जुन्या गोधडीची चौकशी करणारं गिऱ्हाईक रोज येत नाही. त्यामुळे पुण्याहून आलेल्या बाईंनी तिसऱ्या दुकानातही तोच प्रश्न विचारला, तेव्हा गुंड-गंगाळांच्या ढिगाआडून दुकानदाराने चष्मा वर केला. "ब्लँकेट दाखवू का? पानिपतचा माल हाय." नको, गोधडीच हवी, आणि तीही जुनी. "जुनी गोधडी कोन विकते जी?" एवढं बोलून तो पितळ तोलायला वळला.

बाईंना जुन्या बाजारांची चटक आहे. पुण्यातला जुना बाजार, मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट, असं सगळं पायाखालचं. तिथे कंदील मिळतात, तबकड्या मिळतात, सिनेमाची पोस्टरं आणि कुणाच्या तरी आजोबांची थांबलेली घड्याळं मिळतात. गोधड्याही दिसतात, पण बहुतेक कच्छकडच्या किंवा राजस्थानच्या. लुगड्यांची, धोतरांची, घरच्या बायांनी शिवलेली मराठी गोधडी दुकानाच्या पायरीपर्यंत सहसा पोचत नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं आणि ते काढलं फ्रान्समधल्या प्रकाशकाने, यातच काय ते आलं.

आणि शोधायला यायचं ते चंद्रपुरात! मे महिन्यात जिथला पारा 47 अंशांच्या बातम्या देतो त्या गावी गोधडीचं काय काम, असं पुण्यातल्या मैत्रिणींनी विचारलंच. त्यांचं आजोळ इकडचं नव्हतं. बाईंचं आजोळ मूल तालुक्यातलं. उन्हाळ्यात सगळी मुलं अंगणात बाजेवर झोपायची, गोधडी अंगाखाली. पहाटे जंगलाकडून गार झुळूक आली की झोपेतच तिची एक बाजू ओढून अंगावर घ्यायची. झोप येईपर्यंत बोटाने टाके मोजायचे. आजीची ती गोधडी पुढे कुठे गेली, याचा घरात कुणालाच पत्ता नाही. ती नाही तर तिच्यासारखी मिळाली तरी चालेल, म्हणून हा खटाटोप.

बाजारातून हात हलवत बाहेर पडल्यावर बाईंनी गावचा परकोट पाहिला. चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, या कोटाची दंतकथा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या नावावर आहे. शिकारीला गेलेल्या राजाला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. त्याने घरी येऊन सांगितलं, तेव्हा राणी म्हणाली की ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेने कोट बांधा. काम एका राजाच्या हातून उरकलं नाही, पुढच्या पिढ्या बांधत राहिल्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. त्यांतल्या एकीचं नाव चोर खिडकी, दुसरीचं मसाण खिडकी. 1751 मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी कोटाला भगदाड पाडून आत शिरकाव केला. कोट तरीही उभा राहिला, फक्त झाडाझुडपांनी झाकून गेला. 2017 पासून इथल्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो साफ करायला घेतला, तेव्हा कित्येक चंद्रपूरकरांना आपलं गाव कोटाच्या आत आहे हे नव्याने दिसलं.

अंचलेश्वर दरवाजाजवळ राजा बीरशहाची समाधी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती त्याच्या राणीने, हिराईने बांधली. बीरशहाचा खून झाल्यावर दत्तक मुलाच्या नावाने तिनेच राज्य चालवलं आणि महाकालीचं देऊळही नव्याने बांधलं. नवऱ्यासाठी बायकोने बांधलेली ही इमारत बघायला आज फारसं कुणी येत नाही. पर्यटकांच्या जीपा ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाकडे निघून जातात. वाघाशी स्पर्धा करणं राणी हिराईलाही जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मूलहून मामेभाऊ मोटरसायकल घेऊन आला. "ताई, दुकानात कायले फिरतेस? गावात चल." सावलीच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे, एका खेड्यात त्याच्या ओळखीचं घर होतं. अंगणात धानाचं तणस रचलेलं, आणि कुंपणावर उन्हाला टाकलेल्या तीन गोधड्या.

इकडच्या झाडीबोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो. डोळ्याचा डोरा होतो, तशी वाकळीची, म्हणजे गोधडीची, वाकर. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी त्यांतली सर्वात विटलेली वाकर खाली अंथरली आणि म्हणाल्या, "बस, माय."

बाई बसल्या नाहीत, ओणव्या झाल्या. वरचं कापड एके काळचं हिरवं लुगडं, आता पाण्यातल्या शेवाळाच्या रंगाचं. टाका साधा, धावदोऱ्याचा, काठापासून आत शिवत नेलेला, चौकोनात चौकोन करत मधोमध संपलेला. एका बाजूचे टाके बारीक आणि एका रांगेत, समोरच्या बाजूचे लांब, थोडे वाकडे. म्हणजे शिवायला दोघी बसल्या होत्या आणि त्यांतल्या एकीची नजर अधू झालेली होती किंवा तिला घाई होती. कडेला बोटभर रुंदीची पट्टी वेगळीच चमकत होती. करवती काठ! करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेला हा काठ तीन धोटे वापरून विणतात, आणि त्याची कोशाची साडी ही विदर्भाची खास चीज. त्या काठाचं लुगडं विरून गेलं होतं, काठ तेवढा टिकला होता, म्हणून तो गोधडीला गोट म्हणून लागला.

एक कोपरा उसवलेला होता. आजींनी बोट घालून तो आणखी उघडला. आत कापूस नव्हता, सुटी चिंधीही नव्हती. आत दुसरी गोधडी होती. तिचे टाके आडवे, दोरा जाड, कापड मांजरपाटासारखं. तिच्याही एका भोकातून आणखी आतलं काहीतरी लाल दिसत होतं.

"हे वरची म्या शिवली," आजी म्हणाल्या. "आतली सासूची. तिच्या आतली तिच्या सासूची असंन, म्या पाहिली नाही."

जुनी गोधडी दुकानात का येत नाही, याचा उलगडा असा उसवलेल्या कोपऱ्यातून झाला. ती जुनी झाली की नवीच्या पोटात जाते. बाईंच्या आजीची गोधडीही कुणा मामीच्या किंवा मावशीच्या गोधडीत भरली गेली असणार, आणि तिच्यावर आज कुणी झोपतही असेल.

गोधडीचं पोट दुसरीकडेही जपतात. कर्नाटकात हल्याळ-येल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बाया गोधडीला कवंदी म्हणतात. शेवटचं ठिगळ बंद करण्याआधी तिच्यात त्या तांदळाचे चार दाणे टाकतात, तिचं पोट रिकामं राहू नये म्हणून. कोपऱ्यांना फुलं शिवली नाहीत तर ती उघडी दिसते म्हणतात. तिकडे अमेरिकेत, अलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या काळ्या बायांनी शेतावर घालायच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या. 2006 साली त्या टपालाच्या तिकिटांवर आल्या. भिंतीवर लागलेल्या गोधडीला किंमत येते हे खरं, पण तिचा कोपरा उसवून आत बघायची सोय उरत नाही.

बाईंनी तरी भीत भीत विचारलंच, देता का म्हणून. आजी हसल्या. विकायला हरकत नव्हती, अडचण वेगळीच होती. हिच्यावर आणखी एक थर चढवायचा आहे, पण सुती लुगडी आता मिळतात कुठे? सुनांच्या साड्या नायलॉनच्या. त्यांवरून सुई घसरते, त्या घाम टिपत नाहीत, आणि थंडीत उलट गार लागतात. त्यातून जे बरं कापड निघतं ते दारावर येणारी भांडेवाली पातेल्याच्या बदल्यात घेऊन जाते. "पातेलं मिरते, वाकर राहून जाते," आजी म्हणाल्या.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला, दोन-तृतीयांशाहून अधिक जंगल असलेला. मामेभावाने गाडी आधी चामोर्शीकडे घेतली, मार्कंड्याला. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि तिच्या काठावर देवळांचा मेळा आहे, अंगभर शिल्पं ल्यालेला. अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आला होता. त्याच्याही पूर्वी कधीतरी मुख्य देवळावर वीज पडली आणि शिखराचा वरचा भाग महामंडपाचं छत फोडून आत कोसळला. मग एका गोंड राजाने जाडजूड खांब आणि कमानी घालून ते सावरलं. मूळच्या नाजूक कोरीवकामाशेजारी असले ओबडधोबड खांब जाणकारांच्या डोळ्यांना खुपतात. बाईंना मात्र त्यात लांब, वाकडे टाके दिसले. राजाकडे तसे कारागीर नव्हते, तरी त्याने देऊळ पडू दिलं नाही.

आरमोरीला चहापुरतं थांबणं झालं. या पट्ट्यात ढीवर समाजाची माणसं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात. पाखरांनी किडे खाऊ नयेत म्हणून दिवसभर राखण करावी लागते. त्या गोधडीला काठ देणारी साडी अशाच कुठल्या तरी ऐनावरून उतरली असेल.

देसाईगंज म्हणजे वडसा. ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटक मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. गावात नाटक असलं की सोयऱ्यांना आवतण जातं, दिवसा शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, धुरळा आणि रात्री प्रयोग. तो रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत लांबतो, गाण्यांना वन्स मोअर मिळत गेले तर उजाडतंही. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राने झाडीपट्टी हा शब्द जरा नीट ऐकला.

त्या रात्री वडशाजवळच्या गावात मांडवापुढे तणस पसरलं होतं, आणि तणसावर गोधड्याच गोधड्या. दोन दिवस ज्यांच्यासाठी वणवण केली त्या सगळ्या इथे एका मैदानात उघड्यावर पडल्या होत्या. निळ्या, विटक्या गुलाबी, ठिगळांच्या, एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर तर धोतराची पांढरी. कडेला चार-सहा मिंकची ब्लँकेटंही होती, वाघाच्या चित्रांची. बाईंजवळ शाल सोडून काही नव्हतं. शेजारच्या अनोळखी बाईने आपली गोधडी अर्धी सरकवली. "थंडी लागंन ना, बाई. ये इकडं." तिच्या मांडीवरचं पोर पहिल्याच अंकात झोपलं.

तिसऱ्या अंकात खलनायक हिरोइनीचं शेत बळकावत होता आणि मैदान त्याला शिव्या घालत होतं. बाई गोधडीवरून बोट फिरवत टाके मोजू पाहत होत्या. चाळीसच्या पुढे दोन वेळा चुकल्या. पहाटे पडदा पडला, दव पडून गोधडी वरून ओली आणि खालून उबदार होती. शेजारणीने ती उचलून दोनदा झटकली, पोराला तिच्यात गुंडाळलं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे चालू लागली.

सकाळी वडशाला बाईंनी चांदा फोर्टचं तिकीट काढलं. गावाचं चंद्रपूर 1964 साली झालं, या स्टेशनाने जुनंच नाव ठेवलं आहे. गाडीत शालीतल्या तणसाच्या काड्या काढता काढता त्यांनी मामेभावाला फोन लावला. कपाटात आईची पाच सुती लुगडी पडून आहेत, ती पार्सलने पाठवली तर आजींच्या गावी पोचवशील का, एवढंच विचारायचं होतं. "पोचवतो," तो म्हणाला, "पण थंडी संपायच्या आत धाड. चैत्र लागला का म्हातारी महाकालीच्या जत्रेले निघून जाते."