गोठ्यातली पुंगळी

यंदाच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी, 28 फेब्रुवारीला, आमच्या महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मी एक तडकलेली फुलदाणी मांडली. ती तडकली माझ्या हातून. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे कबूल करणे सोपे नाही; पण विद्यार्थ्यांनी विचारले तेव्हा खरे सांगितले, आणि तेच येथे सविस्तर लिहितो आहे.

आजोबा तोफखान्यात होते. निवृत्तीच्या वेळी त्यांना 25 पौंडी तोफेची एक रिकामी पितळी पुंगळी भेट मिळाली. कुणा कारागिराने तिचे तोंड हातोडीने ठोकून पाकळ्यांसारखे बाहेर वळवले होते. साताऱ्याकडच्या आमच्या घरात ती देवघराशेजारी असे. आजी सणासुदीला ती चिंचेने घासून लख्ख करी. आजोबा गेल्यावरही तिचा हा नेम चुकला नाही. पुढे घराचे छप्पर उतरवून दुरुस्ती काढली, तेव्हा सामान हलवताना मी ती फुलदाणी गोठ्यातल्या फळीवर नेऊन ठेवली. दोन पावसाळे ती तिथेच राहिली.

प्रदर्शनासाठी ती खाली काढली तेव्हा काळपट तपकिरी झाली होती, मधूनमधून हिरवे डाग होते. मी चिंचेचा कोळ लावला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी धुतली तर पितळेचा पिवळा रंग जाऊन तांबूस गुलाबी छटा आलेली. ती घासून काढताना पाकळीच्या बुडापासून खाली उतरलेली केसासारखी एक उभी रेघ दिसली. बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. घंटेसारखा नाद जाऊन बद्द आवाज आला.

दोन गोष्टी घडल्या होत्या आणि त्यांची कारणे वेगळी होती. गुलाबी रंग आधी पाहू.

काडतुसाच्या पुंगळ्यांचे पितळ साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असे असते. चिंचेतले टार्टारिक आम्ल किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल पृष्ठभागावरचे ऑक्साइड विरघळवते, म्हणून भांडे उजळते. पण आम्ल तसेच राहू दिले तर तांब्याहून अधिक क्रियाशील असलेले जस्त पृष्ठभागातून आधी निघून जाऊ लागते. शिवाय द्रावणात उतरलेले तांब्याचे आयन जस्ताकडून इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा पितळेवरच तांबे म्हणून बसतात. दोन्हींचा परिणाम एकच, गुलाबी छटा. ती वरवरची असेल तर घासल्यावर जाते, तशी माझी गेली. जस्त खोलवर निघून गेले असेल तर मागे उरते ते सच्छिद्र, ठिसूळ तांबे, आणि ते घासून सुधारत नाही. आजी चिंच लावून लगेच राखेने घासून धूत असे. ‘आंबट लावून ठेवू नये’ हे तिचे वाक्य मी लहानपणापासून ऐकले होते, फक्त त्यामागचे रसायनशास्त्र शिकायला एवढी वर्षे लागली.

आता चिरेकडे वळू. तिचे मूळ गोठ्यात आहे, आणि तिची कथा भारतातच पूर्वी एकदा घडून गेली आहे.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील सैन्याच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत. त्या दिवसांत काडतुसे घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात. पावसाळा सरल्यावर त्यांतली पुष्कळशी तडकलेली निघत, विशेषतः जिथे पुंगळीचे तोंड गोळीभोवती आवळलेले असे तिथे. ऋतूबरोबर येणारा हा दोष म्हणून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये त्याचा उलगडा केला. दोषी होता अमोनिया. जनावरांच्या मूत्रातल्या युरियाचे जिवाणूंमधील एका विकरामुळे विघटन होते आणि अमोनिया वायू सुटतो. दमट हवेत पितळेवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर असतोच. त्यात अमोनिया विरघळला आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की तांब्याचे गडद निळे संयुग तयार होऊन धातू विरघळू लागतो.

नुसता अमोनिया मात्र पुरेसा नाही. धातूच्या आत ताणही साठलेला असावा लागतो. पुंगळी बनते ती पितळेच्या चकतीपासून. आधी वाटी, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी. प्रत्येक ओढीला पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. आकार देऊन झाल्यावर उरलेला ताण काढला नाही, तर धातूचे स्फटिककण एकमेकांपासून ओढलेल्या स्थितीतच राहतात. अमोनिया त्या कणांमधल्या सीमा पोखरतो आणि ताण ती फट उघडत नेतो. उपाय साधा निघाला: तयार वस्तू 250 ते 300 अंश सेल्सिअसला तासभर ठेवायची. पितळेची कठीणता फारशी घटत नाही, ताण मात्र ओसरतो. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. अशा कारखान्यांतल्या भट्ट्यांमागे हे शहाणपण आहे.

मग आजोबांची पुंगळी का तडकली? कारण पाकळ्या कारखान्यात झाल्या नव्हत्या. कारागिराने थंड पितळ हातोडीने ठोकून वळवले आणि पुन्हा तापवले नाही. देखण्या पाकळ्यांच्या बुडाशी इतकी वर्षे ताण साठून होता. देवघराशेजारी तो निरुपद्रवी होता. मी त्याला गोठ्यातला अमोनिया आणि दोन पावसाळ्यांचा ओलावा मिळवून दिला. म्हणूनच चीर पाकळीच्या बुडापासून सुरू झाली. खालचा भाग अजून धड आहे.

ज्या देशांत नेमबाजांना वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याची मुभा आहे, तिथे पुंगळ्यांची सफाई हा नित्याचा भाग आहे. मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यांचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा फिरत्या पिंपात घालून त्या घासतात. जाणती माणसे अमोनिया असलेली पितळ-पॉलिश त्यांना लावत नाहीत. चकाकी त्यांना दुय्यम असते. काजळी आणि कचरा गेला की चीर दिसते, आणि चिरलेली पुंगळी बाद करता येते, हा सफाईचा मुख्य लाभ. तोंडाजवळचा निळसर-तपकिरी पट्टा पाहून नवखे घाबरतात. तो तर मान तापवून मऊ केल्याची खूण, ऑक्साइडच्या पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ. त्या पट्ट्याला भिण्याचे कारण नाही. खोल गेलेला गुलाबी डाग मात्र घातक. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे, त्यामुळे हे सारे धातुशास्त्राचे उदाहरण म्हणूनच वाचावे.

उदाहरण मात्र दूरचे नाही. अमोनियावर चालणाऱ्या बर्फाच्या कारखान्यांत नळ्या पोलादी असतात, पितळी किंवा तांब्याच्या नसतात, ते याच कारणाने. घरातल्या काही सफाईद्रवांतही अमोनिया असतो. पितळेचा नळ किंवा झडप त्याने पुसण्यापूर्वी बाटलीवरची यादी वाचावी, आणि प्रयोगशाळेतली अमोनियाची बाटली पितळी उपकरणांपासून दूर ठेवावी.

प्रदर्शनात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, झाळून का घेतली नाही?” झाळले असते तर चीर झाकली गेली असती, आणि चिमणीच्या आचेने आणखी कुठे काय झाले असते सांगता येत नव्हते. पण खरे कारण वेगळे होते. आजीला विचारल्याशिवाय तिला हात लावण्याचा अधिकार मी गमावला होता.

प्रदर्शन संपल्यावर फुलदाणी घेऊन गावी गेलो. आजीने ती मांडीवर घेतली आणि चिरेवरून अंगठा फिरवला. पाग, अमोनिया, ताण, सगळे मी सांगत राहिलो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “म्हंजे आता ह्यात पानी ऱ्हायाचं न्हाई.” मी नाही म्हणालो. ती उठली, कणगीजवळून जोंधळ्याची चार वाळलेली कणसे आणली, त्या पाकळ्यांत खोवली आणि फुलदाणी पुन्हा देवघराशेजारी ठेवली.