सुटे मुखपृष्ठ

आमच्या संग्रहाची एक नोंदवही आहे. दोनशे पानी, हजेरीपटासारखी आखलेली. अनुक्रमांक, शीर्षक, भाषा, वर्ष, कोठून मिळाले, आणि शेवटचा रकाना ‘स्थिती’चा. इंद्रजाल कॉमिक्सचे तीनशेच्या आसपास अंक, अमर चित्र कथेचे काही जुने अंक आणि ‘चांदोबा’चे दोन गठ्ठे, एवढा ऐवज तीत नोंदलेला आहे. घरी येणारे विद्यार्थी संतवाङ्मयाच्या शेजारी वेताळ आणि मँड्रेक पाहून आधी दचकतात, मग हसतात. त्या हसण्याची आम्हांला सवय झाली आहे. मात्र गेल्या उन्हाळ्यापर्यंत या वहीत एका वस्तूची नोंद नव्हती. ती वस्तू कोठे आहे हे आम्हांला पस्तीसहून अधिक वर्षे ठाऊक होते. अडचण एकाच रकान्याची होती. ‘कोठून मिळाले’ या प्रश्नाचे खरे उत्तर लिहिण्याची आमची तयारी नव्हती.

हट्टा हे आमचे गाव. तालुका वसमत. आमच्या लहानपणी ते परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि गाव जागच्या जागी राहून जिल्हा बदलला. कापूस, ज्वारी, हळद आणि माळवदाची घरे. अशा गावात वेताळाच्या रंगीत चित्रकथा आल्या त्या आमच्या मामामुळे. मामा पूर्णा जंक्शनला रेल्वेत नोकरीला होता. सुट्टीत तो आला की त्याच्या पिशवीत आईसाठी काहीबाही आणि आमच्यासाठी इंद्रजालचे चार-दोन अंक असत. कोणी प्रवाशाने गाडीत विसरलेले, कोणी वाचून दिलेले, क्वचित नवे. “अभ्यास झाल्यावर वाच,” एवढी एकच अट तो घालीत असे आणि ती पाळली गेली की नाही हे पाहायला तो थांबत नसे.

ते अंक आमचे असले तरी वाचन सगळ्यांचे होते. वसरीत एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहायचे. अशा वाचनात पुस्तकाचा पहिला बळी जातो तो मुखपृष्ठाचा. पाने दोन पिनांनी टाचलेली असत. पावसाळ्यात पिनांना गंज चढे, गंज घडीचा कागद खाई, आणि एके दिवशी वरचे पान अलगद हाती येई. मग ते वहीला घातले जाई, किंवा खळ लावून देवळीच्या वर भिंतीवर डकवले जाई. दिवाळीला भिंत सारवली की वेताळही सारवला जाई. त्यामुळे आमच्याकडचे बहुतेक अंक बिनतोंडाचे होते. आत काय आहे हे आम्हांला पाठ होते. बाहेरून ते कसे दिसत, हे मात्र विस्मरणात गेले होते.

आमच्या वर्गात एक मित्र होता. त्याचे वडील सालगडी होते. १९८९च्या उन्हाळ्यात त्याने हळद वेचण्याच्या मजुरीतून वाचवलेल्या पैशांनी वसमतच्या बाजारात रद्दीवाल्याकडून इंद्रजालचा एक अंक विकत घेतला. तोवर तो आमचेच अंक वाचीत आला होता. हा त्याचा पहिला आणि पुढे कळले त्याप्रमाणे अखेरचा स्वतःचा अंक. आणि त्याला मुखपृष्ठ होते. पांढऱ्या घोड्यावर बसलेला वेताळ, मागे काळेनिळे जंगल, कडेला मशालींचा पिवळा उजेड. घोड्याचे पुढचे पाय चित्राच्या चौकटीबाहेर येतात की काय असे वाटे. आम्ही तो अंक एका रात्रीसाठी मागून घेतला. रात्री कंदिलाजवळ बसून, दाढीच्या ब्लेडने, पट्टी लावून ते मुखपृष्ठ कापले आणि अंक सकाळी परत केला. “वरचं पान गळून पडलं, सापडत नाही,” असे सांगितले. दहा वर्षांच्या मुलाला शोभेल इतपत दुःखही चेहऱ्यावर आणले. तो काही बोलला नाही.

आठवड्याने तो अंक घेऊन आला तेव्हा त्याला नवे मुखपृष्ठ होते. शाळेच्या चित्रकलेच्या वहीतला जाड कागद, त्यावर हळद, कपड्यांची नीळ, काजळी आणि शेंदूर. वेताळ त्याने स्वतः काढला होता. मूळच्या वेताळाच्या मुखवट्यातून नुसते पांढरे डोळे दिसतात, बुबुळे दिसत नाहीत. याने मोठाली, टक लावून पाहणारी बुबुळे काढली होती. चेहरा शेंदरी होता, बांधावरच्या म्हसोबाचा असतो तसा. आणि वेताळाला मिशा होत्या. आम्ही सगळे त्याला हसलो. सर्वांत मोठ्याने कोण हसले हे सांगण्याची गरज नाही.

पुढची गोष्ट आमच्या पिढीतल्या पुष्कळांची आहे. तो सातवीनंतर शाळेत आला नाही. इंद्रजाल १९९०मध्ये बंद पडले. आम्ही नांदेडला गेलो, मराठी घेऊन एम. ए. झालो, नेट झालो. कथेचे घटक, निवेदनाचे प्रकार, भाषांतराचे सिद्धान्त शिकलो आणि शिकवू लागलो. त्या काळात कोणी आवडते बालवाचन विचारले तर आम्ही भा. रा. भागवतांचे नाव सांगत असू. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. वेताळाचे नाव घेण्याची लाज वाटे. ते मुखपृष्ठ गावी ट्रंकेच्या तळाशी, आजोबांच्या पोथीच्या फडक्याखाली होते.

संग्रहाचा नाद लागला तो पुढे, हैदराबादला एका चर्चासत्राला गेलो असताना. आबिड्सला रविवारी बंद दुकानांसमोरच्या पदपथावर जुनी पुस्तके मांडतात. तेथे शब्दकोश शोधताना इंद्रजालचे इंग्रजी अंक दिसले, मुखपृष्ठांसह. आम्ही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलो आणि शब्दकोश राहून गेला. त्यानंतर आम्ही जे जमवले, विचारले, वाचले, त्यातून एक गोष्ट हळूहळू ध्यानी आली, आणि साहित्याच्या अभ्यासकांपुढे ती मांडावीशी वाटते.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने सुरू केले. आरंभीचे ३२ अंक केवळ वेताळाचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आली. अखेरपर्यंत सुमारे ८०० अंक निघाले. वेताळ ही ली फॉक या अमेरिकन लेखकाची १९३६ची निर्मिती. आतली चित्रे तिकडच्या वृत्तपत्रांतल्या पट्ट्यांची. दररोज तीन-चार चौकटी छापल्या जाव्यात अशा बेताने काढलेल्या. त्या कापून, पुन्हा जुळवून इथली पाने भरली जात. इंग्रजी शब्दांच्या मापाने काढलेल्या फुग्यांत मराठी वाक्ये बसवावी लागत; त्यामुळे वेताळ आमच्याशी तारेच्या भाषेत बोले. वेताळाचा मूळ देश बंगालच्या नावाशी सारखा वाटत असल्याने इथे त्याचे ‘डेंकाली’ झाले. म्हणजे आतला मजकूर परका होता आणि तो इथल्या मापाने कापून घेतलेला होता.

मुखपृष्ठ मात्र इथे रंगवले जाई. पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठे प्रामुख्याने बी. गोविंद यांची. हेच गोविंद ब्राह्मणिया. पुढे डिसेंबर १९७६मध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ इंद्रजालमध्ये आला तेव्हा त्याला केशरी कुडता आणि जीन घालून चित्रात उभा करणारा हातही त्यांचाच. आतल्या छोट्या चौकटीतला प्रसंग उचलून त्यांना तो पूर्ण पानभर, रंगांच्या जाड फटकाऱ्यांनी उभा करावा लागे. आणि तोही अशा वाचकासाठी, ज्याने अमेरिकन वृत्तपत्र कधी पाहिलेले नाही आणि जो स्टॉलसमोर गाडी सुटेपर्यंतच उभा राहणार आहे. अमर चित्र कथेची गोष्ट वेगळी. इंद्रजालच्या आरंभकाळात टाइम्समध्ये असलेल्या अनंत पै यांनी १९६७मध्ये ती सुरू केली. तेथे राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारखे चित्रकार आतबाहेर दोन्हीकडे होते, आणि कथाही आपल्याच होत्या. इंद्रजालमध्ये आत आणि बाहेर यांच्यात एक समुद्र होता, आणि तो ओलांडण्याचे काम मुखपृष्ठावरच्या त्या एका चित्राकडे होते.

याला भाषांतर म्हणावे असे आम्हांला वाटते. आपण भाषांतराचा विचार शब्दांपाशी थांबवतो. ‘फँटम’ला ‘वेताळ’ म्हणणे हे शब्दाचे भाषांतर. आणि ते किती धाडसाचे आहे हे खेड्यातल्या मुलालाच कळते. आमच्या आजीसाठी वेताळ हा भुतांचा राजा होता, अमावास्येला त्याची पालखी निघे आणि त्या रात्री पाणंदीने जायचे नसे. नावाने आजीचा वेताळ आणि आतल्या पानांवर खोपडीच्या गुहेत राहणारा मुखवटाधारी गोरा माणूस, या दोघांची गाठ मुखपृष्ठावर पडे. आमच्या मित्राने शेंदूर, मिशा आणि बुबुळे देऊन तेच काम आणखी एक पाऊल पुढे नेले होते. गोविंदांनी वेताळाला मुंबईपर्यंत आणले. त्याने हट्ट्यापर्यंत आणले. भाषांतराच्या तासाला आम्ही नेहमी स्वीकारशील भाषेच्या प्रकृतीविषयी बोलतो. त्याचे याहून चांगले उदाहरण आमच्याजवळ नाही, आणि त्याला आम्ही हसलो होतो.

संग्राहकांच्या जगात मुखपृष्ठाला फार किंमत आहे. सुपरमॅनचा पहिला अंक, १९३८चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक एक, एप्रिल २०२४मध्ये लिलावात साठ लाख डॉलरला गेला. असे अंक पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत ठेवतात. स्थितीला गुण देतात. पेटी उघडली की गुण गेले. म्हणजे अंक पाहता येतो, वाचता येत नाही. मुखपृष्ठावर कोणी शाईने नाव लिहिलेले असले तर गुण कमी होतात. सुट्या मुखपृष्ठाला तर अंक म्हणूनही गणत नाहीत. आम्हीही हे नियम बऱ्यापैकी शिकलो आहोत.

गेल्या उन्हाळ्यात गावचे माळवद पाडून स्लॅब टाकायचे ठरले. ट्रंक बाहेर निघाली. फडक्याखाली वेताळ होता, कडा तपकिरी झालेल्या, रंग मात्र आश्चर्य वाटावे इतके ताजे. अंधारात राहिल्याचा फायदा. आम्ही तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि मित्राच्या शेताकडे गेलो. तो आता दुसऱ्याच्या जमिनीवर नाही, स्वतःच्या दीड एकरावर आहे. हळद शिजवण्याचे काम चालू होते. वाफेत उभा होता, कोपरापर्यंत हात पिवळे.

पाकीट दाखवले. त्याने हात धोतराच्या फडक्याला पुसले, पण पाकिटाला लावले नाहीत. लांबूनच पाहिले.

“ब्लेडनं कापलं होतंस,” तो म्हणाला. “फाटलेलं पान असं सरळ फाटत नसतंय. मला तवाच कळलं होतं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू पुस्तकं द्यायचं बंद केलं असतंस. मामा तुझा होता.”

हे तो रागाने म्हणाला नाही. हळदीचा भाव सांगावा तसे म्हणाला. आजवर आम्ही त्या गप्प बसण्याला त्याचा मोठेपणा समजत होतो आणि आमच्या अपराधाला त्यात थोडा आडोसाही मिळत होता. वसरीत सगळे मिळून वाचत होतो, ही आमची आठवण. त्याच्या आठवणीत त्या वसरीला मालक होता. कोणाच्या खांद्यावरून कोण वाकून वाचीत असे, हे आम्ही कधी आठवून पाहिले नव्हते.

“तुझं आहे, घे,” आम्ही म्हणालो.

“आता ह्याच्या आत काय घालू?” तो हसला. त्याचा अंक कधीच नाहीसा झाला होता; एका पावसाळ्यात घर गळले तेव्हा. मिशांचा वेताळही त्याच्यासोबत गेला. “मिशा बऱ्या काढल्या होत्या मी,” एवढे तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “तुझ्यापाशीच राहू दे. तुझ्या कपाटात उंदरं नाहीत. फक्त मागं माझं नाव लिहून ठेव.”

परत आल्यावर त्या रात्री आम्ही ते मुखपृष्ठ पाकिटातून काढले आणि मागच्या बाजूला, समासात, शाईच्या पेनाने त्याचे पूर्ण नाव लिहिले. कागद जुना आहे. शाई किंचित फुटली. मग नोंदवही उघडली. शीर्षक: वेताळ, सुटे मुखपृष्ठ. भाषा: मराठी. स्थिती: डावी कड कापलेली, मागे मालकाचे नाव. मधला एक रकाना राहिला होता. ‘कोठून मिळाले’ या मथळ्याखाली इतर सर्व ओळींत गावांची नावे आहेत. या ओळीत आम्ही लिहिले: चोरून.